हिल्काबाईंच्या नोंदी फुटल्या

हिल्का रांताला या बाईंची आणि माझी ओळख आवाजापासून सुरू झाली. थंडर बेमधल्या शाळांच्या बसगाड्या ज्या ऑफिसातून हलतात, तिथे बाई एकतीस वर्षं वायरलेसवर होत्या आणि मी पलीकडच्या टेबलावर ड्रायव्हर लोकांच्या रजा मांडत होतो. बाहेर उणे तीस, रस्त्याची काच झालेली, बसमध्ये चाळीस पोरं किंचाळतायत आणि ड्रायव्हर त्यांच्याहून मोठ्याने, अशा वेळी बाई माइक तोंडाशी धरून म्हणायच्या, "तेहेतीस नंबर, गाडी बाजूला घे. थर्मासमधली कॉफी पी. झाली पिऊन? आता सांग काय झालं." कॉफी प्यायलेल्या माणसाला काय झालं ते सांगावंसंच वाटत नसे.

या आवाजामागे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात प्रत्येक ड्रायव्हरच्या नावाचं एक कार्ड. 'नऊच्या आधी याच्याशी बोलू नये.' 'आई आजारी आहे, लांबची फेरी देऊ नये, कारण सांगू नये.' 'रस्ता चुकतो पण कबूल करत नाही. तिकडे बर्फ कितपत आहे असं विचारावं, म्हणजे तिकडे म्हणजे कुठे ते कळतं.' माझ्या नावाचंही कार्ड होतं अशी मला दाट शंका आहे. निवृत्तीच्या दिवशी बाईंनी तो डबा घरी नेला, आपल्या सौनाच्या भट्टीत सगळी कार्डं घातली आणि वर निवांत वाफ घेत बसल्या. एकतीस वर्षांची गुपितं पंधरा मिनिटांत घामावाटे निघून गेली. कागदाच्या बाबतीत बाई अशा पक्क्या होत्या. पुढे घोळ झाला तो कागद नव्हता म्हणून.

निवृत्त माणसाला भाचे फार छळतात. बाईंच्या भाच्याने त्यांच्या कॉम्प्युटरवर 'नऊ गड' नावाचा खेळ घालून दिला. जगभरचे लोक त्यात गड बांधतात, एकमेकांचे गड घेतात आणि मग त्या खेळाच्या फोरमवर येऊन, खेळात झालं नसेल तितकं भांडतात. बाईंना गडांत फारसा रस नव्हता. भांडणं मात्र त्यांना ओळखीची वाटली. दोन टोळ्या एकमेकांच्या सात पिढ्यांपर्यंत पोचल्या असताना बाईंनी मध्येच लिहिलं, 'दोघेही थांबा. कॉफी प्या. मग एकाने सांगा, काय झालं.' दोघेही खरोखर थांबले. महिन्याभरात खेळाच्या कंपनीने बाईंना फोरमवर मॉडरेटर, म्हणजे पंच, नेमलं. आपल्याकडे तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षाला निदान गावाच्या वेशीवर बोर्ड तरी मिळतो. इथे पगार नाही, बोर्ड नाही, नावसुद्धा आपलं नाही. बाईंनी तिथे 'ग्रॅनाइट' हे नाव घेतलं होतं, आणि ताकीद देण्याची त्यांची पद्धत बघून ग्रॅनाइट म्हणजे टक्कल असलेला निवृत्त सुभेदार असणार, असं चाळीस हजार लोकांचं एकमत होतं.

त्या फोरमवर एक रिवाज होता. प्रत्येक सभासदाच्या नावामागे एक लपलेला चौकोन, फक्त पंचांना दिसणारा. पुढच्या पाळीच्या पंचाला माणूस कळावा म्हणून त्यात दोन शब्द लिहायचे. बाकीचे पंच खरोखर दोनच शब्द लिहीत : 'शिवराळ. दोन ताकिदी.' बाईंना मात्र आपला बिस्किटांचा डबा परत मिळाल्यासारखं झालं.

'हरायला लागला की याचं इंटरनेट जातं. वायर ठीक आहे, काळीज कच्चं आहे.'

'दर सोमवारी सर्वांचा कायमचा निरोप घेतो. गुरुवारी येतो. निरोपाला उत्तर देऊ नये, लांबतं.'

'बायकोच्या नावाने दुसरं खातं काढून स्वतःचं कौतुक करतो. खरी बायको आली तर लगेच ओळखू येईल, ती करणार नाही.'

'विनोद करतो. कोणीतरी हसावं. आज मी हसले, उद्या दुसऱ्याने बघावं.'

असं दहा वर्षं.

मंगळवारचं मात्र वेगळं होतं. मंगळवारी दुपारी दोन ते तीन बाई पंचगिरी बाजूला ठेवून खेळायच्या, तेही एकाच गड्याबरोबर. त्याचं तिथलं नाव 'लॉबस्टर सत्त्याहत्तर'. घरच्या जेवणाच्या गप्पा सोडल्या तर नऊ वर्षांत बाईंना त्याच्याबद्दल कळलं ते एवढंच : तिकडे अटलांटिकच्या काठाला कुठेतरी राहतो, जन्मभर लॉबस्टर धरले, इंग्रजी टायपायला फार वेळ लावतो आणि ग्रॅनाइटला 'सर' म्हणतो. खेळ सुरू करण्याआधी धक्क्यावर वारा कुठला आहे ते लिहितो. मग हरतो. गेली दोन वर्षं तो निघताना आपल्या गडाचा दरवाजा उघडा टाकून जायला लागला होता. टोळीतल्या माणसाने दरवाजा उघडा टाकणं हा मोठाच गुन्हा, त्याला ताकीद ठरलेली. बाईंनी ताकीद दिली नाही. तो गेला की त्या स्वतः जाऊन दरवाजा लावून यायच्या, आणि चौकोनात लिहून ठेवलं होतं : 'दरवाजा लावायला विसरतो. एकच गोष्ट तीनदा विचारतो. तिन्ही वेळा पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर द्यावं. दरवाजा मी लावते. त्याला कळू देऊ नये.'

मार्चमधल्या एका सोमवारी कंपनीचं पत्र आलं. 'आपली खासगी माहिती आम्हाला प्राणांहून प्रिय आहे' असं पहिलं वाक्य असलं की समजावं, ती गेली. जिची शाबूत असते ती कंपनी असलं पत्र पाठवत नाही. बैल गेला आणि झोपा केला, हे आता इतक्या गोड भाषेत लिहिता येतं की बैलालाही परत यावंसं वाटेल. काय काय गेलं त्याची यादी होती : नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, गुप्त प्रश्नांची उत्तरं. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, 'काही अंतर्गत टिपणं'.

नाव-पत्ते गेल्याचं कोणालाच दुःख झालं नाही. ते खरे नव्हतेच. आपल्याकडे जसं गुरुजींनी अख्ख्या पिढीला एक जूनला जन्माला घातलं, तसं या मंडळींनी स्वतःला एक जानेवारीला जन्माला घातलं होतं. तारीख निवडायला खाली कोण सरकत बसणार? चोरांच्या हाती चाळीस हजार माणसं लागली, त्यांतली निम्मी सव्वाशे वर्षांची होती आणि पत्त्याच्या रकान्यात बऱ्याच जणांनी चंद्र लिहिला होता. एवढे कष्ट करून दरोडा घालावा आणि तिजोरीत दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका निघाव्यात, तशी चोरांची गत झाली.

टिपणं मात्र अस्सल होती.

चोरांनी ती सगळी फाईल उघड्यावर टाकून दिली, आणि 'आमची माहिती कोणी बघितली' म्हणून सकाळी बोंब मारणारे लोक दुपारपर्यंत तीच फाईल उतरवून घेऊन आपलं नाव शोधत होते. कायमचा निरोप घेणारे गृहस्थ म्हणाले, आपण कायमचे जात आहोत. तो सोमवारच होता. कच्च्या काळजाच्या माणसाने जाहीर केलं की ग्रॅनाइटवर खटला भरणार, आणि तेवढ्यात त्याचं इंटरनेट गेलं. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी वारं फिरलं. लोक आपापल्या नोंदी स्वतःच फोरमवर लावायला लागले, नावाखाली, पदवीसारख्या. आणि मग खरे दुखावलेले लोक पुढे आले. ज्यांच्याबद्दल बाईंनी काहीच लिहिलं नव्हतं ते.

"हे बघ," असं म्हणून बाईंनी मला स्क्रीन दाखवला. मी त्यांच्याकडे पुल्ला, म्हणजे वेलदोडा घातलेला त्यांचा गोड पाव, खायला गेलो होतो. एका माणसाने लिहिलं होतं : 'अकरा वर्षं इथे आहे. चार वेळा भांडलो. एकदा रडलोसुद्धा. माझा चौकोन रिकामा! ग्रॅनाइट, मी काय कमी केलं?'

"काय उत्तर दिलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, तुझ्याबद्दल लिहावं लागलं नाही, यातच काय ते समज."

"वा! खूश झाला असेल."

"नाही झाला. म्हणतो, तेच लिहून द्या."

असे सव्वादोनशे अर्ज आले होते. कंपनीला हे सगळं भलतीकडेच चाललेलं बघून घाम फुटला. तिने हुकूम काढला : यापुढे कुठल्याही पंचाने कुठल्याही सभासदाबद्दल कुठेही काहीही लिहू नये. चौकोन पुसून टाकले. दहा वर्षांची माहिती चोरांनी नेली तेव्हा तिची एक प्रत तरी उरली होती, कंपनीने जपायला घेतल्यावर तीही गेली. आता ती कंपनी सोडून सगळ्यांकडे होती.

"चल, सुटलीस," मी म्हटलं. "लोक खूश, कंपनी गप्प. आता कसली काळजी करतेस?"

"लोकांचं काय घेऊन बसलास!" बाईंनी कप ठेवला. "लॉबस्टर आला नाही."

"येईल."

"दोन मंगळवार झाले. नऊ वर्षांत एक मंगळवार चुकला नाही त्याचा. वादळात छप्पर उडालं तेव्हासुद्धा येऊन सांगून गेला, आज खेळत नाही, छप्पर उडालंय. त्याने वाचलं रे ते."

"कशावरून?"

"सगळ्यांनी वाचलं. तो काय समुद्रात राहतो?" मग त्या म्हणाल्या, "म्हातारा माणूस. जन्मभर बोट चालवलेली. आणि एका दुपारी वाचतो की दोन वर्षं आपलं दार दुसरंच कोणी लावतंय, आणि सगळ्यांना ते ठाऊक आहे. तू परत आला असतास?"

मी पुल्ला चावत राहिलो. त्या वाक्यात माझ्या नावाच्या कार्डाचा वास येत होता.

तिसराही मंगळवार रिकामा जायला लागला. सव्वादोनला बाईंनी मला फोन करून बोलावून घेतलं. टेबलावर कॉम्प्युटर उघडा, बाजूला टेलिफोन.

"साक्षीदार हवा आहे," त्या म्हणाल्या. "मी आता नियम मोडणार आहे."

तो नियम चौथा. कोणाचंही खरं नाव, पत्ता, फोन हुडकायचा नाही. या नियमाखाली बाईंनी दहा वर्षांत अकरा माणसांना फोरमवरून कायमचं हाकललं होतं. साऱ्या जगाने ती फाईल वाचली होती, एकट्या बाईंनी नव्हती. स्वतःच्या नोंदीसुद्धा त्यांनी लोकांनी लावल्या तेवढ्याच पाहिल्या होत्या.

"आधी शिक्षा," म्हणत त्यांनी फोरम उघडला आणि दोन बोटांनी टाइप केलं : 'ग्रॅनाइट यांना ताकीद क्रमांक एक. नियम चौथा, दुसऱ्याचा पत्ता हुडकणे. पंच : ग्रॅनाइट.'

"अगं, गुन्हा तरी होऊ दे!"

"नंतर राहून जातं."

खाली लगेच कोणीतरी लिहिलं, 'सर, अपील करा.' दुसऱ्याने लिहिलं, 'अपील ऐकणार कोण? तेच?'

मग बाईंनी ती फाईल उघडली. इतरांच्या ओळी दिसू नयेत म्हणून ओव्हनचा जाड हातमोजा घालून तो हात काचेवर आडवा धरला आणि दुसऱ्या हाताने शोध लावला. लॉबस्टर सत्त्याहत्तर सापडला. मीही वाकलो.

"तू नको बघूस. तुला ताकीद परवडणार नाही. वाचून दाखवते."

चाळीस हजार लोकांत या एकाच माणसाने सगळे रकाने भरले होते, आणि खरे भरले होते. झेनॉन हाशे. न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावरचं, नकाशावर बोट ठेवलं की झाकलं जाणारं गाव. घराचा नंबर. घराचा फोन. जन्म चौदा ऑक्टोबरचा. जिथे 'भरलं नाही तरी चालेल' असं लिहिलं होतं तिथे त्याने 'मासे आवडतात' असं भरलं होतं. चंद्रावरच्या चाळीस हजारांत एकच माणूस पृथ्वीवर राहत होता.

बाईंनी नंबर फिरवला आणि मलाही ऐकू यावं म्हणून फोनचा स्पीकर लावला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, लढाईच्या तयारीतला.

"कोण?"

"मी हिल्का रांताला, थंडर बेहून. झेनॉन हाशे आहेत का?"

"आज बँक नाही वाटतं? सकाळी बँक होऊन गेली. काल करखातं होतं. परवा एका साहेबांनी पप्पांना चौदा ऑक्टोबरच्या शुभेच्छा दिल्या, मार्चमध्ये!"

बरोबरच होतं. साऱ्या जगातले भामटे एक खरा नंबर शोधत असताना तो त्यांना सापडला होता. बाकीचे एकोणचाळीस हजार नऊशे नव्याण्णव फोन चंद्रावर वाजत होते.

"मी चोर नाही हो," बाई म्हणाल्या. "मी त्यांच्याबरोबर 'नऊ गड' खेळते. तुम्ही त्यांची मुलगी ना? मला त्यांचा पत्ता माहीत आहे, गाव माहीत आहे..."

"तेच तर! तुम्हा लोकांना सगळं माहीत असतं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. जन्मभर माणसांची माहिती ठेवून त्यांनी कामं केली. आज जितकं जास्त माहीत, तितक्या त्या मोठ्या चोर ठरत होत्या. फाईलमध्ये जे होतं ते सांगून उपयोग नव्हता. ते काल आलेल्या करखात्यालाही ठाऊक होतं.

"ऐका," बाई वायरलेसच्या आवाजात म्हणाल्या. "मंगळवारी तुमच्या घड्याळात चार वाजले की ते खेळ टाकून उठतात, कारण तुम्ही कोंबडीचं फ्रिको घेऊन येता."

"...हो. मग?"

"त्या रश्श्यात मीठ कमी असतं. नऊ वर्षं कमी आहे. तुम्हाला सांगायचं नाही असं आमचं ठरलंय."

मग फोनपासून तोंड लांब नेऊन घातलेली हाक : "पप्पा! फ्रिकोत मीठ कमी असतं?"

आतून कोणीतरी खोकलं. नुसतं खोकणंच, पण अपराधी.

"घ्या," मुलगी फोनमध्ये म्हणाली. "बोला त्यांच्याशी. चोराला हे विकून काय मिळणार! आणि मी जिस्लेन. मीठ डॉक्टरांनी कमी केलंय म्हणावं त्यांना, मी नाही."

मग पावलं, खुर्ची ओढल्याचा आवाज, आणि समुद्राने खरवडलेला एक सावकाश आवाज. "कोण?"

"ग्रॅनाइट बोलतेय."

"ग्रॅनाइटची बायको?"

"ग्रॅनाइटला नवरा होता. मीच ग्रॅनाइट."

"थांब, थांब." तो थांबला. "नऊ वर्षं मी तुला 'सर' म्हणतोय."

"मला बरं वाटायचं. बंद करू नकोस. तीन मंगळवार कुठे होतास?"

"आत घेत नाहीत," झेनॉन म्हणाला. "चोरी झाली ना. पासवर्ड बदला म्हणाले. बदलतो म्हटलं. तर म्हणे, तुम्हीच तुम्ही आहात हे आधी सिद्ध करा, गुप्त प्रश्नाचं उत्तर द्या."

तेच प्रश्न, तीच उत्तरं, जी आधीच चोरीला गेली होती. म्हणजे ज्या किल्लीची चोरी झाली ती किल्ली दाखवा, मग नवी देतो. चोर एका दमात आत गेले असते. मालक बाहेर.

"प्रश्न काय आहे?"

त्याने आवाज खाली आणला. पलीकडे स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. "पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव. कुत्रा होता. मी नऊ वर्षांचा होतो. त्याचा डावा कान फाटलेला होता ते आठवतं. बोटीच्या नाकावर बसायचा ते आठवतं. नाव येत नाही. मी 'कुत्रा' असं लिहून पाहिलं. नाही म्हणाले."

"जिस्लेनला विचारलंस?"

"ती तेव्हा कुठे होती! ज्यांना ठाऊक होतं ते सगळे गेले, भाऊ होता तो शेवटचा. आणि तिला नुसतं म्हटलं ना, की आठवत नाही, तर ती मला शुक्रवारी शहरात नेईल, तपासायला. मग ते डॉक्टर, डोकं शाबूत आहे का बघायला, घड्याळाचं चित्र काढायला सांगतात कागदावर." मग तो म्हणाला, "बायकोचं नाव आठवतं, बोटीचं आठवतं. स्वतःच्या कुत्र्याचं नाव विसरतो तो माणूस कसला गं? मी म्हटलं, जाऊ दे. नाही खेळत."

बाईंनी हातमोजा जरासा उजवीकडे सरकवला. गुप्त प्रश्नाच्या उत्तराचा रकाना शेजारचाच होता.

"कुत्र्याचं नाव मेलास," त्या म्हणाल्या.

मग तो हळूच म्हणाला, "मेलास म्हणजे आमच्याकडे काकवी. तसाच रंग होता ना. आईने ठेवलं नाव. बरणीत तोंड घालून बसला होता." आणि सुटलाच. मेलासने पाद्रीबाबांचा बूट पळवला, मेलास बर्फाच्या लादीवर बसून खाडीत वाहत गेला आणि अख्खं गाव त्याच्यामागे होड्या घेऊन निघालं, मेलासला मासे आवडायचे नाहीत. वीस मिनिटं. बाईंनी मध्ये एक अक्षर काढलं नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो. ज्यांना त्या कुत्र्याशी काही देणंघेणं नव्हतं अशा जगातल्या सगळ्या चोरांनी ते नाव सांभाळून ठेवलं होतं.

"पण तुला कसं माहीत?" तो एकदम थांबला.

इथे बाई खोटं बोलू शकल्या असत्या. मी तर मानेने खूणही केली. त्या मला पाठ करून बसल्या.

"चोरांच्या फाईलमधून. आणि त्यात आणखी एक आहे, मी तुझ्याबद्दल लिहिलेलं. तू नाही ना वाचलंस?"

"मी आत जाऊ शकत नाही, तर वाचू काय?"

"वाचून दाखवू?"

"दाखव."

बाईंनी वाचलं. पहिली नोंद नऊ वर्षांपूर्वीची होती : 'सरळ माणूस. घोडदळ अजिबात जमत नाही, पायदळावर ठेवावं.' मधल्या दोन-तीन. मग दरवाजाची. तीनदा विचारण्याची. 'त्याला कळू देऊ नये' हे शेवटचं वाक्यही त्यांनी गाळलं नाही.



"घोडदळ जमत नाही म्हणजे?" झेनॉन म्हणाला.

"नाही जमत तुला."

"काळ्या गडावर कोणी नेलं होतं घोडदळ?"

"तूच. आणि कड्यावरून खाली नेलंस. सगळ्यांना."

"धुकं होतं!" तो ओरडला. मग, "दरवाजा... दर वेळी?"

"बहुतेक."

"सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर?"

"वाईट वाटलं असतं."

"आणि आता?"

"आता वाटलंय. पुरुष असतास तर शिवी दिली असती. आता नऊ वर्षांनी कळतंय की बाई आहेस, तर तीही सोय गेली." आणि तो हसला, आधी खोकल्यासारखा आणि मग बराच वेळ. "ऐक, सर. लिहिणं थांबवू नकोस. फक्त माझ्यामागे लिहायचं ते मला लिही. दरवाजा, मंगळवार, कुत्रा, जे असेल ते. मी समोर ठेवतो. जिस्लेनला वाटेल पत्रमैत्रीण आहे."

"कंपनीने लिहायला बंदी केली आहे. आमच्या प्रत्येक शब्दावर नजर आहे त्यांची."

"मग टपालाने पाठव. टपालात कोण बघतंय!"

त्या दिवशी त्याने बाईंना फोनवर धरूनच मेलासचं नाव टाइप केलं आणि आत गेला. पहिली गोष्ट त्याने काय केली, तर घोडदळ मागितलं. बाईंनी दिलं. ते पुढच्या मंगळवारी दलदलीत गेलं.

आता दर गुरुवारी हिल्काबाई त्याला एक कार्ड टाकतात. पाकीट नाही, उघडं कार्ड. बसच्या ऑफिसने निरोपाला दिलेला, स्लीपिंग जायंट या तिथल्या डोंगराचं चित्र असलेल्या कार्डांचा गठ्ठा त्यांच्याकडे पडून होता. मी म्हटलं, "अगं, एवढं रामायण झालं आणि तू सगळं उघड्यावर लिहून पाठवतेस?"

"पाकिटात घातलं तर तो पाकीट जपून ठेवतो आणि विसरतो," त्या म्हणाल्या. "कार्ड फ्रिजला लागतं."

कार्डावर असं असतं : 'मंगळवार, तुझ्या घड्याळात तीन. निघताना दरवाजा. गेल्या वेळी तू जिंकलास, मी नाही सोडलं, तूच जिंकलास. डॉक्टर शुक्रवारी, जिस्लेनला सांगून टाक, ती समजते तितकी घाबरट नाही.' हे कार्ड तिथल्या गावातल्या दुकानाच्या कोपऱ्यात जी टपालखिडकी आहे तिथे उतरतं. खिडकीवर ओडेत नावाच्या बाई बसतात. त्या ते आधी स्वतः वाचतात, मग दुकानात जो कोणी पाव घ्यायला आला असेल त्याला सांगतात, आणि संध्याकाळपर्यंत झेनॉनचा मंगळवार अख्ख्या गावाला पाठ असतो. सोमवारी तो रस्त्याने चालला की लोक कुंपणावरून ओरडतात, "झेनॉन, उद्या तीन वाजता!" याला तिथे माहितीची चोरी म्हणत नाहीत. कोणी पत्र पाठवून गोपनीयतेची हमीही देत नाही.

डॉक्टरकडे तो गेला. जिस्लेन बरोबर गेली. घड्याळ त्याने काढलं, काटे जरा इकडेतिकडे झाले. पुढचं पुढे बघू, असं डॉक्टर म्हणाले, हे त्याने बाईंना उत्तराच्या कार्डावर कळवलं. त्याची उत्तरं दोन ओळींची असतात आणि त्यांतली एक वाऱ्याबद्दल असते.

परवाच्या कार्डावर मात्र खाली कोपऱ्यात निळ्या शाईत, वेगळ्या हाताचं काहीतरी होतं. बाईंनी मला वाचायला दिलं. 'मॅडम, मंगळवारी त्यांना दहा मिनिटं उशीर होईल, दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, ते लिहायला विसरले. आणि तुम्ही बारीक लिहिता. ओडेत.'

मी कार्ड परत दिलं. बाईंनी ते खिडकीच्या कठड्यावर टेकवून ठेवलं, नवं कार्ड घेतलं, आणि लेखणी बदलून ठसठशीत, मोठ्या अक्षरात सुरुवात केली : 'झेनॉन, आणि ओडेत...'